लासलगावची यादी

साधना जाधव यांचा विश्वास दोनच गोष्टींवर. स्वतःच्या डोळ्यांवर आणि कुलपावर. तेही तीनदा ओढून पाहिल्यावर.

नाशिक रोडला, पाणीवापर संघाच्या कचेरीत, त्या बावीस वर्षं युनिक्स सर्व्हर सांभाळत होत्या. नाशिक रोड, इगतपुरी, लासलगाव अशा तीन ठिकाणी तीन यंत्रं. कालव्याचं पाणी कुणाला कोणत्या दिवशी, याची यादी तिन्हीकडे सारखी हवी. तीन नटांनी एकच संवाद एका सुरात म्हणावा तशी. दर पाच मिनिटांनी एक प्रोग्रॅम तिन्ही याद्या ताडून पाहायचा. जिच्यावरची वेळ सर्वांत ताजी, ती खरी. तीच बाकी दोघांवर उतरायची.

लासलगावचा गोरक्ष रोज दहाला यादी भरायचा आणि हमखास चुकायचा. साधनाताई लगेच, दहाव्या मिनिटाला, दुरुस्ती करायच्या. थोड्या वेळानं पाहावं, तर दुरुस्ती गायब! सखुबाईंची मंगळवारची पाणीपाळी तीनदा परत शुक्रवारवर गेली. म्हातारीचा लसूण उभा वाळला. शेवटचा बदल कुठून? यंत्र सांगायचं, लासलगाव. एका बुधवारी ताई दवाखान्यात अडकल्या, अकराला दुरुस्ती केली, तर ती मात्र टिकली.

"गोरक्षच पुसतोय! त्या दिवशी मी दहाला नव्हते, म्हणून गाफील राहिला," ताईंनी ठरवून टाकलं.

झालं! गोरक्षला कामावरून काढा, असं पत्र त्यांनी लिहिलं. अध्यक्षांच्या हाती देण्याआधी त्याला रंगेहाथ धरायचं म्हणून पत्र पर्समध्ये टाकून स्वतःच लासलगाव गाठलं. बरोबर दहाला दारात हजर.

"या ताई! आज इकडं, अन् साडेधालाच?"

"भाऊ, दहा वाजलेत."

"भिंतीवर बघा ना. आमचं घड्याळ अर्धा तास पुढंच असतंय. त्याबिगर माणसं येळेवर येत नाय."

ताईंचा आवाज उतरला. "आणि मशीनचं?"

"ते बी लावलं, भिंतीवरल्यासारखं. लाइट गेल्यावर मशीन चालू करायला पासवर्ड तुम्हीच तर दिला हुता."

ताईंनी पडद्यावरची वेळ पाहिली. साडेदहा. गोरक्षच्या दहाच्या यादीवर साडेदहाची वेळ पडत होती. त्यांची दहा-दहाची दुरुस्ती यंत्राला जुनी वाटायची, म्हणून पुसली जायची. बुधवारी त्या उशिरा आल्या म्हणून ती वाचली. लगेच तपासायची त्यांची घाईच नडली होती.

त्यांनी यंत्राची वेळ नीट केली. त्या दिवसाची यादी मग भरवून घेतली, सखुबाईंना मंगळवार दिला आणि पंधरा मिनिटं पडद्यावरून नजर हलवली नाही. मंगळवार टिकला.

"भिंतीवरलं राहू द्या बरं का, ताई."

"ते राहू दे. मशीनला हात नको." पर्समध्ये हाताला लागला तो कागद काढून मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मशीनची वेळ बदलू नये.'

गोरक्ष डिंक लावायला गेला. कागद उलटला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ही बाजू भिंतीकडंच लावू ना?"

ताईंनी कागद ओढून घेतला आणि फाडला. "दुसरा लिहून देते. चुकलं माझं, भाऊ."

"चालतंय. पर पुढच्या येळी आधी फोन करा. मला इचारायचं."