वरातीला न गेलेली घोडी

सौंसरला आमच्या संत्र्याच्या बगीच्यात घोडी आली, त्या दिवसापासून गावातला जो तो घोड्यांचा डॉक्टर झाला. ज्याच्या घरी साधी बकरी नाही तोही फाटकावर टेकून सांगायचा, "मॅडम, दोन चाबूक हाणा, सरळ होते." मी पांढुर्ण्याच्या शाळेतून रिटायर झालेली बाई. सल्ले देण्याचं काम आजवर माझं होतं, त्यामुळे ऐकून घेणं जडच गेलं.

घोडी वरातीची. रामाकोन्याच्या एका लग्नात कोणा शहाण्यानं तिच्या पायाखाली फटाक्यांची लड पेटवली. घोडीचे मागचे पाय भाजले, नवरदेव नालीत पडला, आणि दोष ठरला घोडीचा. मालक तिला विकायला निघाला, मी घेऊन आले. जखमा भरल्या. पण माणूस जवळ गेला की अजूनही ती अंगभर थरथरायची आणि पार कुंपणाशी जाऊन उभी राहायची.

मी काय करायची? तिच्याकडे पाठ करून स्टुलावर तुरीच्या शेंगा सोलत बसायची. बाजूला गूळ-चण्याचं टोपलं. यायचं तर ये बाई, नाही तर राहू दे. माझे दीर म्हणाले, "वहिनी, तुमी घोडीले शिकवून राहिल्या, का घोडी तुमाले?" प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त राग आला. बगीचा दोघा भावांचा. त्यांनी बजावलं, "पोराच्या लग्नात नवरदेव हिच्यावर बसला त ठेवू. नाही त बजारात नेतो." आमचे हे नेहमीप्रमाणे विहिरीवरची मोटर पाहायला निघून गेले.

टोपलं रिकामं व्हायचं, पण मी उठून गेल्यावर. लग्नाचा दिवस उजाडला तरी तिच्या मानेला माझा हात लागला नव्हता. मी सरळ सांगितलं, घोडी येणार नाही. दिरांनी बोलणं टाकलं, जाऊबाईंनी तोंड फिरवलं आणि पुतण्या भाड्याच्या घोडीवर बसला.

वरात बगीच्यावरूनच जायची होती. बँड फाटकाशी पोचला तशी मी वरातीतून निघून आत धावले. घोडी कुंपणाला अंग घासत कापत होती. मला काही सुचेना, म्हणून रोजच्यासारखी पाठ करून स्टुलावर बसले. बाहेर लड फुटली. आणि मागून एक जड, गरम डोकं माझ्या खांद्यावर येऊन टेकलं. लग्नाच्या साडीवर लाळ गळत होती आणि मी मुसमुसून रडत होते.

दीर फेट्यासकट मला बोलवायला आले. "वहिनी, लोकं काय म्हणून राहिले..." एवढं म्हणून बघतच राहिले. मग बाहेर जाऊन बँडवाल्यावर खेकसले, "बंद कर बे. पुढे जाऊन वाजव."

पंगतीत कोणीतरी विचारलंच, घरची घोडी असून भाड्याची कशाला आणली. दीर बुंदी वाढत होते.

"आमची घोडी वरातीत जात नाही," ते म्हणाले. "तिले आवडत नाही."