उलटी मोजणी

"बाबा, काउंटडाउन सुरू. मला यायला दहाच दिवस राहिले," कॅनडाहून आमची मंजिरी फोनवर म्हणाली. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काउंटडाउन म्हणजे काय हो?"

"रॉकेट सोडायच्या आधी आकडे उलटे मोजतात ना, ते. तिथूनच हा शब्द सगळ्यांच्या बोलण्यात आला."

ती थोडा वेळ मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मुळात जाणाऱ्यासाठीचा शब्द आहे."

असे कितीतरी शब्द अवकाशातून उतरून घराघरांत रुळले. 'यात काय रॉकेट सायन्स आहे?' असं म्हणताना रॉकेट कुणाच्या डोळ्यांसमोर येतं? बायकोच्या मात्र ते उभं राहिलं असावं.

मंजिरी आली. पहिल्याच दुपारी ती प्रवासाच्या थकव्याने गाढ झोपली. बायको तिच्या उशाशी बसून होती. चहा झाला तसं मी म्हटलं, "उठव तिला."

"झोपू दे," ती हळूच म्हणाली. "जागी झाली की परतीच्या तिकिटाचं बोलायला लागेल."

मी चहावर झाकण ठेवलं आणि बायकोशेजारी जाऊन बसलो.