अकरावा इलेक्ट्रॉन

लागोपाठ दोन सालं कपाशी उभ्याउभ्या वाळली. पातूरकडच्या आमच्या वावरात नुसत्या पऱ्हाट्या उरल्या आणि नेमकी तेव्हाच मी बारावी पास झाले. घरात चौथीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. बाबांनी जोडीतला एक बैल बाजारात नेला आणि मला अमरावतीच्या कॉलेजात घातलं. गोठ्यात एकटा ढवळा राहिला. माय म्हणाली, "बैल गेला हिच्यापायी. आता हिनं नापास होऊ नये म्हंजे झालं."

मी झाले. पहिल्याच वर्षी, केमिस्ट्रीत.

कारण ऐकाल तर हसाल. नायट्रिक ऑक्साइडमध्ये नायट्रोजनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन पाच, ऑक्सिजनचे सहा. बेरीज अकरा. मी मात्र दर वेळी बारा ठिपके काढायची.

"हा बारावा कुठून आणला?" सरांनी विचारलं.

"सर, एक एकटाच उरत होता."

"मग?"

"मग त्याला जोडी दिली."

वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "तुझ्या दयेवर रेणू चालत नाहीत, बाई." पण गोठ्यातला ढवळा डोळ्यांपुढं असताना एकटा ठिपका तसाच सोडायला माझा हात धजत नव्हता. परीक्षेतही नाही धजला.

निकाल घेऊन अकोल्यात गाडी बदलून घरी आले. मायनं फैसला सांगितला, "दिवाळीआधी राह्यलेला पेपर निघाला त ठीक. नाहीतर चाल निंदायले."

पेरणी तोंडावर आली होती. शेजारच्या वावरातले चाचा आले. त्यांच्याकडेही एकच बैल उरला होता.

"भाऊ, तुमचा उभ्यानं चारा खाऊन राह्यला, माहाही खाऊन राह्यला. सावड करून टाकू."

सावड म्हणजे दोघांचा एकेक बैल मिळून एक जोडी, आणि त्या जोडीवर दोघांची वावरं. बैल कोणी कोणाला देऊन टाकत नाही. मी तिफणीमागं बियाणं सोडत होते. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं हाळी दिली, "जोडी कोणाची व्हय?"

"आमची," बाबा म्हणाले.

"आमची," चाचाही म्हणाले.

दोघांपैकी एकही खोटं बोलला नव्हता. माझी मूठ जागीच थांबली. सर फळ्यावर हेच तर सांगत होते! मधली जोडी दोन्ही अणूंची. नायट्रोजननं मोजताना ती आपली म्हणायची, ऑक्सिजननंही आपलीच म्हणायची. आणि उरलेल्या एकट्याला मी कागदावर जोडी देऊन काय होणार? दुसरा कोणी एकटा आला तरच त्याची जोडी जमणार.

"काहून थांबली वं?" बाबा ओरडले. "बियाण्याबिगर तास कोरडं चाललं!"

फेरपरीक्षेच्या तोंडीला बाहेरून मॅडम आल्या होत्या. त्यांनी बंद नळीतला तपकिरी वायू दाखवला, नायट्रोजन डायऑक्साइड. नळी बर्फात धरली तसा रंग फिका पडत गेला.

"सांग, रंग कुठं गेला?"

"मॅडम, याच्या एकेका रेणूत सतरा इलेक्ट्रॉन बाहेरचे. म्हणजे एक एकटा उरतोच, नायट्रोजनजवळ. थंडीत असे दोन रेणू सावड करतात."

"काय करतात?"

मी बैलांसकट सगळं सांगितलं. "दोघांचे एकटे इलेक्ट्रॉन मिळून एक जोडी होते आणि नायट्रोजनला नायट्रोजन बांधला जातो. तो नवा रेणू बिनरंगी."

"आणि तापवलं तर?"

"सावड मोडते, मॅडम. तो बंध कच्चाच असतो. ज्याचा बैल त्याच्या घरी."

मॅडमनी नळी गरम पाण्यात बुडवली. तपकिरी रंग परत आला.

"नायट्रिक ऑक्साइडमध्ये किती?"

"अकराच. बारावा आणायचा नाही."

कपाटापाशी उभे असलेले आमचे सर तोंड फिरवून हसत होते.

पेपर निघाला. दिवाळीत घरी गेले तेव्हा चाचांनी आधी बाबांनाच विचारलं, "काय भाऊ, आपली पोरगी सुटली का?"

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.