नागदीपच्या बोटीत आईची वंदना

हिवरखेडच्या विहारात दर पौर्णिमेला वंदनेची पहिली ओळ आई म्हणते. तीच वंदना एकदा नागदीपच्या जुन्या विहारात म्हणायची, ही तिची फार दिवसांची इच्छा. नागदीप म्हणजे श्रीलंकेच्या उत्तर टोकाचं इवलंसं बेट. "पाय चालतात तोवर ने मले," असं तिनं दिवाळीत बजावलं आणि मी अकोल्यात बसून तिकिटं काढली.

नागपूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून छोट्या विमानाने जाफना. व्हिसा ऑनलाइन मिळतो. जाफन्यात इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि खोबऱ्याच्या चटणीवर मी ताव मारला. आईनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं आणि पिशवीतून ठेचा काढला. तो चटणीत कालवल्यावर तिचं जेवण सुरळीत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या धक्क्याकडे जाणारी साधी बस धरली. भाडं किरकोळ. रस्त्याचा बराच भाग समुद्रातून बांधलेला, दोन्हीकडे उथळ पाणी. आई खिडकीला चिकटून मजेत बसली होती. धक्क्यावर हलणारी बोट पाहिली आणि तिचे पाय जागीच थिजले.

"तू जाऊन ये. मी अठीच बसतो."

"एवढ्या दूर येऊन काहून वो, आई?"

"विहिरीतबी कधी वाकून नाही पाह्यलं मी. मले नाही जमत."

मी समजावलं, मग चिडले, मग हात ओढला. मला घाई फार, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. ती हलेना. रांग पुढे सरकत होती आणि पुन्हा एवढा प्रवास तिला झेपणार नव्हता.

आमच्या मागे सिंहली यात्रेकरू बायका होत्या, आईसारख्याच पांढऱ्या साड्यांत. त्यांच्यातल्या एका आजींनी आईचा हात धरून काहीतरी विचारलं. आम्हाला ओ की ठो कळेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "नमो तस्स भगवतो..." आईनं चमकून पाहिलं. चाल आमच्याहून संथ, पण शब्द तेच, पालीतले! "अरहतो सम्मासम्बुद्धस्स," आई पुटपुटली. आजी एक ओळ म्हणायच्या आणि आईची होईपर्यंत थांबायच्या. असं म्हणत म्हणत दोघी बोटीत उतरल्या. लाइफ जॅकेट चढवताना आईला कळलं की आपण पाण्यावर आहोत. तिनं आजींचा हात आणखी घट्ट धरला, पण म्हणायचं थांबवलं नाही.

बेटावर पांढरा स्तूप, बोधिवृक्ष आणि भरपूर वारा. चपला बाहेर काढाव्या लागतात, दुपारी फरशी तापते, म्हणून सकाळीच जा. आम्ही अकोल्याहून मेणबत्त्या नेल्या होत्या, त्या वाऱ्यात टिकेनात. आजींनी आपल्या खोबरेल तेलाच्या पणत्यांतली एक आईला दिली. सिंहासनावरून भांडणाऱ्या दोन नागराजांचा समेट करायला बुद्ध इथे आले होते, अशी श्रद्धा आहे. मी आईला ते सांगितलं.

"म्हणजे धुऱ्याचंच भांडण," शेजारच्या शेताची हद्द आठवून आई म्हणाली.

मग तिनं पूर्ण वंदना म्हटली, मोठ्यानं. मला फार बरं वाटलं. परतीच्या बोटीत तर तिला खिडकीजवळची जागा हवी होती.

पुढच्या पौर्णिमेला मी हिवरखेडला गेले. बस उशिरा पोचली, विहारात सगळे बसले होते. आईनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

"काहून थांबल्या, काकू?" कुणीतरी विचारलं.

"मांगच्याले येऊ द्या ना."

दारात चपला काढत होते ती मीच.