छापून येण्याआधीची नोंद

वाचकहो, पेण तहसील कार्यालयाबाहेर अर्ज लिहिण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. शिक्षण नववीपर्यंत, तथापि माझा मसुदा वाचून वकीलही मान डोलावतात. भूत, भानामती, करणी यांवर मी कधीही विश्वास ठेवला नाही. म्हणूनच पुढील हकीकत पूर्ण विचारांती नमूद करीत आहे...

माझा धाकटा भाऊ दिनकर रोह्यालगत वरसे येथे राहत असे. तो एका कंपनीच्या संगणक विभागात होता. एके दिवशी कुठल्याशा टोळीने दुरूनच कंपनीच्या फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली — यास रॅन्समवेअर म्हणतात. ठपका दिनकरवर आला, की याने भलती मेल उघडली.

त्याचा खुलासा मीच लिहिला. अखेरीस ‘झालेल्या चुकीबद्दल क्षमा असावी’ हे वाक्य घालणे, हा आमच्या धंद्याचा रिवाज.

“दादा, हे काढ. सायबाला वाटंल मी त्याची म्हैस चोरलीय.”

“तुला अर्जाची भाषा कळत नाय. सही कर.”

त्याने सही केली. कंपनीने तीच कबुली मानून त्यास काढून टाकले.

मग तो असे हल्ले हुडकत बसे. त्यात गुप्त काही नव्हते — वर्तमानपत्रे, कंपन्यांच्या जाहीर सूचना, एवढेच. वहीत चार रकाने: हल्ला कोणावर, टोळी कोणती, आत कशी शिरली, कुठे वाचले. चौथा रकाना भरता येत नसेल तर तो नोंदच करीत नसे. “आपल्यासारखा एक सापडू दे दादा, माझं नाव साफ होईल.”

एकदा पेणला येऊन त्याने ती वही मजपाशी ठेवली. मी ती पेटीत कुलूपबंद केली. किल्ली माझ्या करगोट्याला. नऊ दिवसांनी दिनकर हृदयविकाराने गेला.

तेराव्याला मी वही वरशाला नेली. पुतणी मनालीने शेवटची नोंद वाचली. अक्षर दिनकरचेच. गुजरातमधील कारखाना, टोळी तीच, शिरकाव संगणक सांभाळणाऱ्या ठेकेदाराच्या पासवर्डने... आणि ठेकेदार तोच, जो दिनकरच्या कंपनीचेही संगणक सांभाळे. चौथ्या रकान्यात एका दैनिकाचे नाव — रविवार, पान सात.

मनालीने आठवडाभर शोधले. “काका, अशी बातमीच नाय कुठं.”

त्यानंतरच्या रविवारी सातव्या पानावर ती छापून आली. कारखान्यावर हल्ला झाला त्या दिवशी आम्ही दिनकरच्या दहाव्याला नदीवर होतो!

कात्रण जोडून मी नवा अर्ज केला. दोन महिन्यांनी कंपनीचे पत्र आले: सदर कर्मचाऱ्याचा दोष आढळून येत नाही.

दिनकरच्या बायकोने पत्र हातात धरले. म्हणाली, “भाऊजी, चला. ज्यांनी ह्यांच्याशी बोलणं टाकलं, त्यांच्या दारात वाचून दाखवा.”

सात दारांत वाचले. शेवटच्या दारात दिनकरच्याच शिफ्टमधला एक गृहस्थ होता. त्याने चष्मा काढून पुसला.

“व्हय? मग माफी कशाला मागितली होती त्यानं?”

भावजय माझ्याकडे पाहू लागली.

ती नोंद वहीत कशी उमटली, हे मला आजतागायत उलगडलेले नाही. त्या गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला ठाऊक होते... मी पत्राची घडी घातली आणि पायरी उतरलो.