जीप कुठं गेली होती

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. बोरगावच्या शाळेत शिकलो, निपाणीला बी.कॉम. केलं आणि बेळगावातल्या एका दवाखान्यात कारकून म्हणून लागलो. मला घेणारे तिथले प्रशासक. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. मुलाखतीत मी इंग्रजीत अडखळलो तेव्हा ते म्हणाले, "मराठीत सांग. नाहीतर कन्नडमध्ये सांग. काम तर मलाच समजायला पाहिजे." पुढं मी जे काही शिकलो ते त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून. गेल्या वर्षी ते वारले. लोक त्यांच्याबद्दल बरंच बोलले, पण मला राहून राहून एकच दुपार आठवते.

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा थोडे महिने उरले होते. धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि संस्थेनं त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं कबूल केलेलं. रोज जेवणाच्या वेळेला ते घरी फोन करून काय केलंय ते विचारायचे. वहिनी पलीकडून म्हणायच्या, "डबा तुमच्या पुढ्यात हाय, उघडून बघा की." त्यावर ते मनापासून हसायचे.

त्या दिवशी तो फोन झाला नाही. नंदगडकडच्या एका खेड्यातली बाई सकाळी बाळंत झाली होती. मूल चांगलं होतं. बाईचा रक्तस्राव काही थांबेना, आणि दुपारी ती गेली. ड्युटीवरची डॉक्टर तरुण होती, गदगकडची, नवीनच आलेली. तिला मराठी येत नव्हतं. तासाभरात गेटवर दोन टेम्पो भरून माणसं उतरली. कुणीतरी उठवून दिलं होतं की आपण मराठी म्हणून डॉक्टरणीनं लक्ष दिलं नाही. पोरांनी मोबाइल वर धरले होते. "भायेर काढा तिला!" असा ओरडा चालला होता.

सिस्टरनी डॉक्टरला चादरींच्या खोलीत घालून आतून कडी लावून घेतली होती. मी साहेबांना म्हणालो, "स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर काढू या. रिक्षा आणतो."

"आणि वाटेत सापडली तर? पळताना धरलेल्या माणसाचं कोण ऐकतंय?"

ते बाहेर गेले. मी त्यांच्या मागं. समोरची माणसं माझ्याच गावच्यासारखी होती, तसेच टॉवेल, तशाच टोप्या. म्हणून तर भीती जास्त वाटत होती. अशी माणसं चिडली की काय करतात ते मी लहानपणापासून बघितलं होतं.

"पोरीची आई कुठाय?" साहेबांनी विचारलं. "त्यांना खुर्ची दे रे."

गेलेल्या बाईचा भाऊ पुढं आला. "खुर्च्या नगोत. डॉक्टरीण काढा."

"काढतो. काय झालं ते ती सांगेल. तुम्ही ऐका, मग बोला."

"आन ती बोलनार कन्नड!"

"मी मराठीत सांगतो."

"तुमी दवाखान्याचंच सांगनार," मागून कुणीतरी म्हणालं.

यावर एक म्हातारा पुढं झाला. "सांगू दे की. बाजार आमी कन्नडातच करतोय न्हवं? एक शब्द जरी खोटा सांगितला तर हितंच धरतो ह्याला."

साहेब आत गेले. ते कन्नडमध्ये डॉक्टरला म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांगितलं असतंस तसं सांग. काही गाळू नको." ती त्यांच्या मागोमाग बाहेर आली. तिला बघताच गर्दी पुढं सरकली. साहेब तिच्या शेजारी उभे राहिले, पुढं नाही आणि मागंही नाही.

ती एकेक वाक्य बोलायची, ते तेवढंच मराठीत सांगायचे. बाळ कधी झालं, रक्त कधी सुरू झालं, कुठली औषधं दिली, मोठ्या डॉक्टरांना कधी बोलावलं. मग ती म्हणाली, "रक्त तडवागी बंतु."

रक्त उशिरा आलं. ते आणायची जीप जागेवर नव्हती, असंही ती म्हणाली. जीप कुठं होती ते तिला माहीत नव्हतं. ते ड्रायव्हरला ठाऊक होतं, साहेबांना होतं आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मला होतं. सकाळी संस्थेच्या अध्यक्षांच्या घरून फोन आला होता, आणि जीप सांबऱ्याला, विमानतळावर, त्यांचे पाहुणे आणायला गेली होती. मी मनात म्हणत होतो, साहेब, जीप बिघडली होती म्हणा. रस्त्यात अडकली म्हणा. कोण तपासायला जातंय?

"रक्त यायला उशीर झाला," साहेब म्हणाले. "जीप जागेवर नव्हती."

"कुटं गेलती जीप?" भावानं विचारलं.

मोबाइल तसेच वर.

"विमानतळावर. पाहुणे आणायला. मी पाठवली होती."

अध्यक्षांचं नाव त्यांनी घेतलं नाही. भावाचा हात असा काही बसला की चष्मा पायरीवर जाऊन पडला. वॉचमन धावला, त्याला साहेबांनी हातानं थांबवलं. दुसराही फटका बसला असता. पण गेलेल्या मुलीची आई मी आणून दिलेल्या खुर्चीतून उठली.

"थांब रं! त्या डॉक्टरणीनं रगात मागितलं हुतं न्हवं? मग तिला कशाला हुडकत सुटलाय सगळी?" मग ती साहेबांकडं वळली. "तुमास्नी मात्र देव बघून घेईल."

"व्हय," साहेब म्हणाले.

"लेकरू कुटं हाय माझ्या पोरीचं?"

तिला मराठी कळत नसेल, पण डॉक्टर आत गेली आणि बाळ घेऊन आली. म्हातारीनं ते पदराखाली घेतलं. तिथून गर्दी सुटायला लागली. जाताना कुणीतरी बोर्डावर दगड मारला, शिव्या चालूच होत्या, पण त्या सगळ्या साहेबांना होत्या. डॉक्टरकडं कुणी बघितलंही नाही.

संध्याकाळी साहेब तिला आपल्या घरी घेऊन गेले, मलाही चल म्हणाले. वहिनींनी त्यांचा गाल बघितला.

"कुणी मारलं?"

"गेलेल्या बाईच्या भावानं."

सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे मुदतवाढ गेली."

"गेली समज."

"लग्नातला बँड रद्द करा. जेवणावळीला हात लावायचा नाही." आणि डॉक्टरला ताट वाढून कन्नडमध्ये दटावलं, "तू जेव आधी, रडायचं मग बघू."

मुदतवाढ खरोखरच गेली. जीपचं बोलायची गरज काय होती, असं अध्यक्षांनी विचारलं म्हणे. ती डॉक्टर मात्र आठवड्यानं कामावर परत आली आणि पुढं बरीच वर्षं राहिली.

साहेबांच्या पंच्याहत्तरीला कंग्राळीतल्या त्यांच्या घरी आम्ही जुनी माणसं जमलो होतो. मला बोलायला उभं केलं. एका डॉक्टरचा जीव साहेबांनी कसा वाचवला, असं म्हणून मी सुरुवात केली. टाळ्या पडल्या. साहेबांनी हात वर केला.

"बाई मेली होती रं," ते म्हणाले. "माझ्यामुळं. ते आधी सांग, नाहीतर बस खाली."

मी खाली बसलो. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले, आणि वहिनी चहा आणायला आत गेल्या. आज लिहायला घेतलं तेव्हा सुरुवात कुठून करायची यावर मी बराच वेळ अडलो. त्यांनी सांगितलं होतं तशी ती मला जमलेली नाही.