तिसऱ्या पानावरचा नंबर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला फोनवर सांगितलेलं नाही, देवापुढेसुद्धा तोंड उघडलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि ओळखत नाही म्हणूनच सांगता येतंय — तेही खरंच आहे.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन डहाणूला आले आणि फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. पहिल्याच दिवशी माझी पाकिटं मोजणीत कमी भरत होती. शेजारी बसलेल्या जानकीताईने स्वतःची चार पाकिटं माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे बघितलंही नाही. ती इथल्याच तालुक्यातल्या सायवन गावची, नवऱ्याबरोबर इथे भाड्याने राहणारी. आम्हाला खोली मिळेपर्यंत दोन महिने आम्ही दोघं तिच्याच घरात झोपलो. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना हे विसरावंसं वाटतं.

मला मोबाईल हप्त्यावर घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, तुझं आधार हिंगोलीचं, इथलं कोणीतरी घेऊन ये. बाहेरून आलेल्यांचं असंच चालतं — कागद इथल्या माणसाचा, हप्ता आपला. जानकीताई दुपारच्या सुट्टीत आली, फोटो काढून दिला, सही केली; कर्ज तिच्या नावावर झालं. 'चल लवकर, बेल होईल,' एवढंच म्हणाली. फॉर्मवर फोन नंबर मात्र मी माझा टाकला. हप्त्याचे फोन तिला कशाला? तेव्हा खरंच चांगल्या मनाने टाकला. आता कोण मानेल?

चार हप्ते भरले. मग नवऱ्याचं काम — नाही, ते राहू दे. ते सांगितलं की कारण दिल्यासारखं होतं. हप्ते भरले नाहीत. वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले तेव्हा सिम काढून फेकलं. एक दिवस जानकीताईने सहज विचारलं, 'फिटलं का गं तुझं?' दुसऱ्या दिवशी मी पाव किलो पेढे घेऊन गेले. हप्त्याला पैसे नव्हते. पेढ्यांना होते.

बरीच वर्षं गेली. मागच्या वर्षी तिने तलासरीला एक खोली-किचन बघून ठेवलं. नवरा तिकडच्या कंपनीत कायम झाला होता, दोघांच्या पगारावर गृहकर्ज बसत होतं. बँकेत जाताना मला घेऊन गेली. 'तू वाचतेस, बाय. ते लोक भरभर बोलतात.' साहेबाने तिच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची तीन पानं छापून दिली. नावावर जुनं थकीत आहे, ते मिटवा, मग या, म्हणाला.

बाहेर बाकावर बसलो. इंग्रजी मला कुठलं येतंय? पण आकडे येतात. तिसऱ्या पानावर, थकलेल्या खात्याखाली, माझा जुना फोन नंबर छापलेला होता.

'तुझ्या मोबाईलचं तर नसेल?' ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. 'छे. त्याचे तर पेढे खाल्ले आपण.'

तिथे बोलता आलं नसतं का? आलं असतं. बोललेच मी. म्हणाले, 'रिक्षाचं असेल, ताई.'

रिक्षा तिच्या धाकट्या भावाची, लहानूची. रिक्षाच्या कर्जाला ती जामीन होती. तिने फोनवर त्याला नको नको ते ऐकवलं. रविवारी लहानू सायवनहून रिक्षा घेऊन आला, चिकूच्या खोक्यात पहिल्या हप्त्यापासूनच्या सगळ्या पावत्या भरून. 'मोज, ताई. एक जरी कमी निघाली तर रिक्षा तुझ्या दारात सोडून पायी जातो.'

तिने खोकं माझ्यापुढे ठेवलं. 'हिला मोजू दे. ही वाचते.'

मी मोजल्या. सगळ्या होत्या. लहानू निवांत बसला होता, चहा पीत — त्याला खात्री होती ना. आणि मी एक पावती मांडीखाली सरकवली आणि म्हणाले, 'एक कमी दिसते.'

त्याने स्वतः मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक कमीच भरली. मग तो माझ्याकडे नाही, खोक्याकडे बघत राहिला. त्याला स्वतःचीच शंका यायला लागली होती. रिक्षा दारात सोडून तो खरंच पायी निघाला. जानकीताईने रिक्षाची किल्ली त्याच्यामागे फेकली. ती त्याच्या पाठीला लागली.

नंतर मी गुपचूप मोबाईलच्या फायनान्सवाल्या माणसाला गाठलं. पूर्ण भरता की तडजोड करता, त्याने विचारलं. तडजोडीत निम्म्यावर मिटत होतं. भिशी लागली होती, पूर्ण भरता आलं असतं. मी निम्मे भरले. मला वाटलं, मिटलं म्हणजे मिटलं. पण नवीन कागद निघाला तेव्हा साहेब म्हणाला, हे फेडलेलं नाही, तडजोडीतलं आहे, असं आम्हाला चालत नाही. तलासरीची खोली दुसऱ्याने घेतली. आणि जानकीताईला वाटलं, लहानूनेच चोरून निम्मे भरले. म्हणजे खोट त्याचीच होती, असं तिच्या मनात पक्कं बसलं. भाऊबीजेला तो आला नाही. तिनेही बोलावलं नाही.

पावती माझ्याकडे आहे. पेटीत, लग्नातल्या साडीच्या घडीत.

जानकीताई अजून माझ्या शेजारीच बसते. ती पानं तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत, कधी कधी दुपारच्या सुट्टीत काढते. 'वाच ना बाय. काही राहिलंय का बघ.' मी तिचं नाव वाचते, पत्ता वाचते. तिसरं पान आलं की म्हणते, पुढे सगळं अवघड इंग्रजी आहे.

काल तिने माझ्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी वाढली. कागद घडी घालून ठेवताना म्हणाली, 'तू होतीस म्हणून लहानूचं कळलं तरी. नाहीतर मला कोणी सांगितलं असतं?'

मी चटणी खाल्ली. सगळी खाल्ली.